चाकाला वेळ विचारू नका : ओडिशाच्या सहली काढणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात तुमच्यापैकी एकांबरोबर मी आणि सौ. भुवनेश्वर-पुरी-कोणार्क करून आलो. नाव घेत नाही, कारण तक्रार त्या एकांची नाही. परत आल्यावर आमच्या कट्ट्यावर विषय निघाला. तिघेजण तीन वेगवेगळ्या मंडळींबरोबर जाऊन आलेले निघाले आणि तिघांनाही कोणार्कच्या रथाच्या आकाराच्या सूर्यमंदिराचं दगडी चाक घड्याळ म्हणून दाखवलेलं, त्याच चाकापाशी, जवळजवळ त्याच वाक्यांत. एरवी सहल झकास झाली. पुरीला समुद्राकाठी सकाळी सातला गरम पोहे, वर ओलं खोबरं. आणखी काय हवं? पत्र पोह्यांबद्दल नाही, चाकाबद्दल आहे.

कोणार्कला बस दोनच्या सुमारास लागली. "सव्वातीनला सगळे गाडीत" असा पुकारा झाला आणि गाईडनं आम्हाला थेट दक्षिण अंगाच्या चाकापाशी नेलं. दहाच्या नोटा काढून शेजारी धरायला लावल्या. २०१८ पासूनच्या चॉकलेटी नोटेवर मागे हेच कोणार्क आहे, त्यामुळे फोटो छान येतात. मग त्यानं हिशेब समजावला. वरचा जाड आरा म्हणजे मध्यरात्र, खालचा म्हणजे दुपारचे बारा. जाड आरे आठ, म्हणून दोहोंमध्ये तीन तास. त्यांच्या मधे बारीक आरे आठ, म्हणजे दीड-दीड तास. कडेच्या मण्यांपैकी एकेक मणी तीन मिनिटांचा. एवढं सांगून त्यानं तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याच्या, मध्यावर बोट टेकवलं, सावली कुठे पडते ते पाहिलं, मणी मोजले आणि जाहीर केलं, "दोन वाजून तेहेतीस!" पंचवीस मनगटं एकदम वर झाली. बरोब्बर. टाळ्या.

मी ३३ वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शंकू-साखळीपासून प्लेन टेबलापर्यंत सगळ्यावर काम केलंय, त्यामुळे काटकोन मोडलेला दिसला की डोळ्यात खुपतो. सगळे सावलीकडे पाहत होते, मी बोटाकडे. बोट चाकाला काटकोनात नव्हतं, हळूच एका अंगाला कललेलं होतं. दुसऱ्या हाताच्या तळव्यात मोबाइल होता.

मंडळी फोटोंना पांगल्यावर मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं द्या. तुमच्याच कार्यक्रमपत्रिकेचा कागद घेतला आणि त्याला एकावर एक अशा दोन घड्या घातल्या. कागद कसाही फाटलेला असो, त्या घड्यांचा कोपरा पक्का काटकोन देतो. गुण्या हाताशी नसला की आम्ही हेच करायचो. पेन त्यानंच धरलं, मी कोपरा लावून सरळ करून दिलं. सावली खालच्या उजव्या जाड आऱ्यावर, म्हणजे तीनवर, थांबली नाही. ती ओलांडून बारा मणी पुढे गेली. चाकाच्या हिशेबानं तीन छत्तीस. माझ्या घड्याळात दोन एकेचाळीस.

तो हसला. हिंदीत म्हणाला, साहेब, मलाही असंच शिकवलंय आणि लोक हेच बघायला येतात. माझा त्याच्यावर राग नाही. दिवसाला दहा गट, प्रत्येक गटाला टाळीचा एक क्षण द्यायचा, हे त्याचं पोट आहे. पण तुमच्या माहितीपत्रकात जेव्हा "मिनिटाबरहुकूम वेळ दाखवणारे दगडी घड्याळ" असं छापलं जातं, तेव्हा त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. घड्याळ दाखवा म्हणून पाहुणे आलेत, तर घड्याळ चालवून दाखवावंच लागतं. म्हणून पत्र तुम्हाला.

आता ही चूक कुठून येते ते सांगतो. सूर्य दर तासाला १५ अंश सरकतो हे खरं, पण कशाभोवती? पृथ्वीच्या आसाभोवती. तो आस ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो आणि कोणार्कला ध्रुव क्षितिजापासून सुमारे २० अंश वर दिसतो. चाकाचा आस मात्र रथाच्या चाकाचा असायला हवा तसा जमिनीला समांतर, सरळ दक्षिणेकडे. म्हणजे २० अंशांचा फरक आला. आस तेवढा कलता केला असता आणि अख्खं चाक त्याच्याबरोबर कललं असतं, तर सारख्या अंतरावरच्या आऱ्यांनी ऊन पडेल तेव्हा सारखे तास दाखवले असते. पण मग तो रथ दिसला नसता, चाक निखळून पडतंय असं दिसलं असतं.

घरी येऊन मी गणित मांडलं. मार्च आणि सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखी असते त्या सुमारास, चाकाची चूक जास्तीत जास्त सात मिनिटांची. वाईट नाही, गाईड अगदीच हवेत बोलत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्याचे तीन वाजतात तेव्हा चाक साडेतीनच्या पुढे जातं. आणि हे झाले सूर्याचे तीन. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावरच्या वेळेवर चालतात, कोणार्क त्याच्या पूर्वेला. तिथली माध्यान्ह सरासरीनं आपल्या घड्याळात पावणेबाराच्या सुमारास होते. शिवाय सूर्य स्वतःही वर्षभर घड्याळाच्या मागे-पुढे होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोणार्कची माध्यान्ह साडेअकरालाच उरकते, फेब्रुवारीच्या मध्यावर ती बाराला येऊन टेकते. म्हणजे कुणाला प्रामाणिकपणे बोट न कलवता चाक आणि मनगट जुळवून दाखवायचंच असेल, तर फेब्रुवारीत दुपारी बाराला जा.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणीच सांगत नाही. मे महिन्याच्या विशीपासून जुलैच्या तेविशी-चोविशीपर्यंत सूर्य कोणार्कच्या डोक्याच्या उत्तरेला असतो. उगवतो उत्तरेकडे कलून, माध्यान्हीला उत्तरेला, मावळतो उत्तरेला. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दोन महिन्यांत उन्हाची एक तिरीपही पडत नाही. ज्या चाकापाशी तुम्ही आम्हाला उभं केलंत, ते घड्याळ दरवर्षी दोन महिने बंद असतं.

तेराव्या शतकातल्या लोकांना हे कळत नव्हतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं आधी चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन यावं. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा. त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाला दान दिल्याचा शिलालेख पाटणच्या देवळात आहे, तो १२०७ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला मठ. कोणार्कचं देऊळ गंग राजा पहिला नरसिंहदेव यानं त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १२५० च्या आसपास बांधलं. भास्कराचार्यांच्या ग्रंथात त्रिप्रश्नाधिकार नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. तीन प्रश्न म्हणजे दिशा, स्थळ आणि वेळ. उत्तर काढायचं साधन बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभा खुंटा, आणि त्याची सावली. सावली ऋतूप्रमाणे कशी बदलते, अक्षांशाप्रमाणे किती, हे सगळं तिथे आहे. देवळाचं तोंड पूर्वेला करायचं तर पूर्व शोधायचीही हीच रीत होती: मधे शंकू उभा करायचा, भोवती वर्तुळ आखायचं, सकाळची सावली वर्तुळाला जिथे शिवते आणि संध्याकाळची जिथे शिवते ते बिंदू जोडायचे. असलं ज्ञान ज्या काळात होतं, त्या काळातल्या माणसांना घड्याळच करायचं असतं तर त्यांनी असं चुकीचं केलं नसतं. त्यांना चाक करायचं होतं.

शिवाय मिनिटं कुणाची? तेव्हाचा दिवस ६० घटकांचा, घटका आपल्या २४ मिनिटांची, घटकेची ६० पळं. तीन मिनिटांचा मणी म्हणजे साडेसात पळं. असं माप कुठल्या पंचांगात आहे? वेळ मोजायची ती घटिकापात्रावर, तेही रात्री-पावसात चालणारं. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण ते प्रतीक झालं. त्यावर बोट ठेवून मिनिटं वाचणं म्हणजे देवघरातल्या समईवर चहा उकळण्यासारखं आहे.

चाक करायचं होतं म्हणजे काय, ते मी दुसऱ्यांदा गेल्यावर कळलं. हो, पुरीहून आदल्या रात्री मी आणि सौ. रिक्षा ठरवून ठेवली आणि मोकळ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा गेलो. तुमच्या पत्रिकेत त्या दिवशी 'खरेदी' होती.

माझ्या आजोळी बैलगाडी होती, त्यामुळे चाक आतून माहीत आहे. कोणार्कच्या घडवणाऱ्यांनाही होतं. पावणेदहा फूट व्यासाचं चाक भिंतीतूनच कोरून काढलंय. तुंबा पुढे आलेला, त्यातून बाहेर डोकावणारं आसाचं टोक, आणि चाक निसटू नये म्हणून आसात ठोकतात ती खीळसुद्धा दगडात. गाडीचं चाक जमिनीवर टेकतं तिथून ते फिरेल असं वाटावं एवढी काळजी. आणि त्याच्यावर मग नक्षी. जाड आरे मधे रुंद होत जातात आणि त्या रुंदीत एकेक गोल पदक बसवलंय. कुठे आरशात पाहणारी बाई, कुठे जोडपं, कुठे देवता. बारीक आऱ्यांवर मण्यांच्या माळा. कडेच्या पाट्यावर वेलबुट्टी, तिच्या वळणांत पक्षी आणि प्राणी दडलेले. खाली जोत्यावर हत्तींची रांग, बोटभर उंचीची वाटावी अशी, पण एका हत्तीचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक पिल्लू सोंडेनं आईच्या पायाशी चाळा करतंय. सकाळचं ऊन तिरकं भिंतीवरून सरपटत आलं तेव्हा चाक उठून बाहेर आल्यासारखं झालं. या सावल्या घडवणाऱ्यानं मोजल्या होत्या, याबद्दल मला शंका नाही. खोंडालाइट दगड खारट वाऱ्यानं झडत चाललाय, काही चाकांची पदकं पुसट झालीयत, तरी तेवढं कळतं.

अशी चाकं २४, बारा जोड्या. पुढे सात घोडे. इथे वेळ आहे, पण ती घड्याळातली नाही, वर्षाची आहे. सूर्याच्या चाकाची कल्पना फार जुनी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४ व्या सूक्तात एका चाकाच्या रथाला सात जण जुंपलेले आहेत, चाकाला बारा आरे आहेत, आणि पुढे एका ऋचेत त्याच चाकाला ३६० खुंट्या ठोकलेल्या आहेत. बारा महिने, तीनशे साठ दिवस. नरसिंहदेवाच्या माणसांनी एका चाकाची चोवीस केली, महिन्याला दोन, म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्ष असं मानलं जातं.

हे आपल्या लोकांना समजावून सांगायला वेगळं काहीच करावं लागणार नाही. तुमच्या बसमधल्या निम्म्या बायका दरवर्षी रथसप्तमीला अंगणात सूर्याचा रथ काढतात आणि गोवऱ्यांवर दूध उतू घालवतात. त्याच माघ सप्तमीला कोणार्कजवळच्या चंद्रभागेच्या किनाऱ्यावर हजारो लोक पहाटे सूर्योदयाच्या स्नानाला जमतात. आमच्या सौ.ला हे कळलं तेव्हा ती चाकापुढे जरा वेळ गप्प उभी राहिली. टाळी वाजवली नाही.

देवळाला वळसा घालून मागे जायला लागतात दहा मिनिटं. मुख्य शिखर आता नाही. १८३७ साली जेम्स फर्ग्युसननं चित्र काढलं तेव्हा (हा स्थापत्याचा अभ्यासक, आपल्या कॉलेजवाला नव्हे) त्याचा एक कोपरा उभा होता. १८४८ च्या वादळात तोही गेला. पुढचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, ढासळू नये म्हणून १९०३ मध्ये आत वाळू भरून दारं चिणली. पण मागच्या भिंतींवर हिरवट क्लोराइट दगडाच्या तीन सूर्यमूर्ती अजून आहेत, दक्षिणेला, पश्चिमेला आणि उत्तरेला. गुडघ्यापर्यंत बूट घातलेला देव. उगवतीचा, माध्यान्हीचा आणि मावळतीचा, असं मानतात. पहिले दोन उभे आहेत. उत्तरेचा घोड्यावर बसलेला, दिवसभराच्या वाटचालीनंतर घराकडे निघालेला. दिवस कसा सरतो हे दाखवायचं तर हे दाखवा. आमच्या गटाला मागे नेलंच नाही, बसची वेळ झाली होती. शिखरावरच्या लोहचुंबकाची आणि त्यानं भरकटलेल्या जहाजांची गोष्ट सांगायला मात्र वेळ होता. असो, त्या चुंबकावर पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट मराठी मंडळींनी तरी टाळू नये. पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर एकाच दगडाचा, सोळा कोनांचा, सुमारे ३४ फूट उंच खांब आहे, वर अरुण हात जोडून बसलेला. आम्हाला त्याच्यापाशी चपला सांभाळायची जागा दाखवली आणि पुढे काढलं. तो अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा. सूर्याचा सारथी रथापुढे असायचा, तो तिथून उचलून पुरीला आणला तो अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना. १७५१ ते १८०३ ही ती वर्षं. कोणार्क तेव्हा ओस पडलेलं होतं, पुरीत पूजा चालू होती, म्हणून खांब वाचला असं म्हणता येतं. रथाचा सारथी आपल्या राजवटीत दुसऱ्या देवाच्या दाराशी गेला असंही म्हणता येतं. मला दोन्ही खरं वाटतं. पण नागपूर-अमरावतीहून तुमच्या गाड्या निघतात आणि हे एका वाक्यात सुद्धा सांगत नाहीत, याचं नवल वाटतं.

आणि पाहुण्यांना दगडातलं खरं घड्याळ दाखवायची हौस असेल, तर तुमच्या राजस्थानच्या सहलीत ते आहे. जयपूरच्या जंतरमंतरचं सम्राट यंत्र. २७ मीटर उंच जिना, त्याची कड ध्रुवाकडे रोखलेली, जयपूरच्या अक्षांशाइतकी म्हणजे २७ अंश कलती. कोणार्कच्या चाकात जो कल नाही, तो इथे सगळ्या यंत्राचा पाया आहे. कडेची सावली पंधरा मीटर त्रिज्येच्या संगमरवरी कमानीवर मिनिटाला सहा सेंटीमीटर सरकते. टक लावून पाहिलं तर डोळ्यांदेखत चालताना दिसते. तिथे बोट टेकवायचं कारण नाही. सवाई जयसिंगाच्या पदरचे पंडित जगन्नाथ, ज्यांनी युक्लिडचं रेखागणित आणि टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, ते आपल्याकडचेच, महाराष्ट्रीय. त्याच जयसिंगाची उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि तिथे अधीक्षक म्हणून गोविंद सदाशिव आपटे होते. महाकालेश्वराला तुमच्या गाड्या जातातच. वेधशाळा फारशी दूर नाही.

मागणी लांबलचक नाही. कोणार्कला सव्वा तासाऐवजी अडीच तास द्या आणि दुपारी दोनला नको, सकाळी न्या. पत्रकातलं "मिनिटाबरहुकूम" काढा. गाईडशी तुमचे करार असतात. त्यांना सांगा की बोटाचा खेळ करायचा तर करा, पण सावली जिथे पडेल तिथलीच वेळ वाचा, आणि ती घड्याळाशी का जुळत नाही ते सांगा. लोक हिरमुसतील असं तुम्हाला वाटत असेल. त्या दिवशी माझ्या घडीच्या कागदाभोवती जे सात-आठ जण जमले, त्यांत कोल्हापूरचे एक निवृत्त लोहार होते, त्यांनी तुंब्याच्या खिळीवरून पंधरा मिनिटं गाईडला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. बस त्यांच्यामुळेच उशिरा सुटली.

आपला,
एक प्रवासी, कराड

ता. क. उन्हाळी सुट्टीच्या शेवटी, मे अखेर ते जून, ज्यांच्या सहली आहेत त्यांनी गट दक्षिणेच्या चाकापाशी न थांबवता उत्तरेच्या बाजूला न्यावा. त्या दिवसांत चाकावर ऊन आणि बोटाची सावली तिथेच पडेल. छत्र्या सोबत घ्यायला सांगा. त्या अंगाला झाड नाही.